विश्लेषण : उडत्या विमानाचा एकच पंख जड का होतो? दोष इंधनाचा की तारांचा?

बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. तरीही जिल्ह्याचे आकाश शिकाऊ वैमानिकांच्या वाटेवर येण्याची चिन्हे आहेत. पश्चिमेला जळगाव विमानतळ आहे. वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होते. पूर्वेला अमरावतीचे बेलोरा. तेथे प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी ३४ विमानांची मागणी नोंदवली. नकाशावर बेलोरा ते जळगाव सरळ रेषा ओढली तर ती सुमारे २२० किलोमीटरची भरते आणि शेगाव, नांदुरा, मलकापूर यांच्या थोडी उत्तरेकडून, पूर्णेच्या खोऱ्यावरून जाते. लहान विमानाला हे अंतर तासाभराहून थोडे अधिक. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात विमानाची सूत्रे स्वतःकडे ठेवून किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा एक लांब प्रवासही करावा लागतो. अशा प्रवासात खाली कपाशी-सोयाबीनची शेते, शेजारच्या खुर्चीत कोणी नाही आणि हातातले चाक सारखे डावीकडे ओढते आहे, असा प्रसंग कोणत्याही विद्यार्थ्यावर येऊ शकतो. अशा वेळी दोष शोधायचा कुठे?

पंख जड होतो म्हणजे नेमके काय?

विमान सरळ उडत असताना वैमानिकाने चाकावरचा हात क्षणभर काढला आणि विमान हळूहळू एका बाजूला कलू लागले, तर त्या बाजूचा पंख ‘जड’ आहे असे म्हणतात. शब्द जड असला तरी पंखाचे वजन खरोखर वाढलेले असेलच असे नाही. दोन शक्यता असतात. एका बाजूच्या टाकीत जास्त इंधन उरले असेल, तर त्या पंखावर खरेच जास्त ओझे असते. किंवा वजन दोन्हीकडे सारखेच असून एक पंख दुसऱ्यापेक्षा किंचित कमी उचल देत असेल. म्हणजे पंखाची बसणी, फ्लॅप किंवा पंखाच्या मागच्या कडेवरची एलेरॉन ही हलती पट्टी जागच्या जागी नाही. वैमानिकाच्या हाताला दोन्ही सारखेच जाणवतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

ओझ्याचा अंदाज घेण्यासाठी आजच्या शाळांतले सेस्ना १७२ घेऊ. चार जणांचे हे विमान, पंख डोक्यावर आणि टाक्या पंखांत. दोन टाक्यांत ३८ लिटरचा फरक पडला असे समजू. विमानाच्या पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे ७२० ग्रॅम, म्हणजे हा फरक २७ किलोचा झाला. सोयाबीन बियाण्याची एक पिशवी साधारण याच वजनाची असते. ही पिशवी विमानाच्या मधल्या रेषेपासून सुमारे दीड मीटर दूर, एकाच पंखावर ठेवली आहे. तिचा परिणाम हाताला जाणवतोच.

पण तुलनेसाठी आणखी एक आकडा पाहायला हवा. सोलो उड्डाणात ७० किलोचा विद्यार्थी डाव्या खुर्चीत एकटा बसतो. मधल्या रेषेपासून तो पाव मीटरच्या आसपास डावीकडे असतो. त्याने पडणारा कल या ३८ लिटरच्या फरकाच्या जवळजवळ निम्मा असतो. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना सरळ उडणारे विमान सोलोत डावीकडे ओढू लागले, तर अनेकदा पहिला दोषी खुर्चीत बसलेला विद्यार्थीच असतो! त्याचे वजन वजा केल्याशिवाय पुढचे निदान करण्यात अर्थ नाही.

दोन टाक्यांतून इंधन समान का उतरत नाही?

गवंडी जोत्याची पातळी काढताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी आपोआप एका पातळीत येते. वर पंख असलेल्या सेस्नात दोन्ही टाक्या एकदम चालू असतात, तेव्हा त्यांची अवस्था या नळीसारखीच असते. इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या खाली एकत्र येतात. नळी सरळ असेल आणि दोन्ही तोंडांवर हवेचा दाब सारखा असेल, तर पातळी सारखी राहते. यातली एक अट जरी मोडली, तरी एक टाकी दुसरीच्या आधी रिकामी होऊ लागते.

पहिली अट विमान सरळ उडण्याची. दोन टाक्यांच्या मध्यांत सुमारे तीन मीटरचे अंतर असेल, तर केवळ एका अंशाच्या कलाने पातळीत पाच सेंटीमीटरचा फरक पडतो. टाक्या उथळ आणि पसरट असतात, त्यामुळे पाच सेंटीमीटर म्हणजे बरेच लिटर. मात्र येथे एक गंमत आहे. नीट घेतलेल्या वळणात विमान तीस अंश कलले तरी इंधन एका बाजूला धावत नाही. मलकापूरकडून बुलढाण्याला येताना राजूर घाटाच्या वळणावर मोटारसायकल आडवी होते, तरी मागे बसलेला माणूस बाजूला घसरत नाही, त्यातलाच हा प्रकार. विमान कलले आहे, पण वळत नाही आणि बाजूला घसरते आहे, अशा वेळी मात्र इंधन सरकते. हे घसरणे दाखवण्यासाठी समोरच्या पॅनेलवर वाकड्या काचनळीत एक छोटा गोळा असतो. वैमानिक त्याला ‘बॉल’ म्हणतात. बॉल मध्यभागी असेल तर इंधनाच्या दृष्टीने विमान सरळ आहे, मग बाहेरचे क्षितिज कसेही दिसो. अनेक विद्यार्थी नजर क्षितिजावर ठेवतात आणि बॉल अर्धा बाहेर गेलेला तासभर तसाच राहू देतात. उतरल्यावर टाक्यांत मोठा फरक निघतो आणि दोष विमानाच्या माथी मारला जातो.

हवेची नळी एवढी महत्त्वाची का?

टाकीतून इंधन खाली जायचे तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात पडते, हे घरात सगळ्यांनी पाहिले आहे. विमानात हवा घेणाऱ्या या नळीला व्हेंट म्हणतात. सेस्ना १७२ मध्ये मुख्य व्हेंटचे तोंड डाव्या पंखाखाली, पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांडीच्या मागे असते. दोन्ही टाक्यांमधली वरची हवा एका आडव्या नळीने जोडलेली असते आणि उजव्या टाकीच्या झाकणातूनही हवा आत येऊ शकते.

समोरून येणारा वारा व्हेंटच्या तोंडावर दाब देतो. ११० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाला हा संपूर्ण दाब पेट्रोलच्या सुमारे २५ सेंटीमीटर उंच स्तंभाएवढा भरतो. त्यातला पाच टक्के फरक जरी दोन टाक्यांत पडला, तरी पातळी एक सेंटीमीटरहून जास्त हलते. व्हेंटचे तोंड दांडीच्या आडून थोडे वर-खाली झाले, कोणाचा खांदा लागून वाकले, तर तेवढ्याने टाक्यांचे गणित बदलते. म्हणूनच उत्पादकाने व्हेंटची जागा मापाने ठरवून दिलेली असते आणि मेकॅनिक ती पट्टी लावून तपासतो.

याच्या उलट काम झाकण करते. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, उचल मिळते ती त्यामुळेच. तिथल्या झाकणाचे रबर वाळून तडकले की टाकीतली हवा वर ओढली जाते. त्या टाकीचे इंधन खाली उतरायला कुरकुर करते आणि कधी कधी थेट झाकणातून बाहेर उडते. पेट्रोलवर चालणाऱ्या विमानात हे पकडणे सोपे असते, कारण १००एलएल या विमान-पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. झाकणामागे निळसर ओघळ दिसला की अर्धे निदान झाले. बेलोऱ्यासाठी मागवलेल्या विमानांत पायपर आर्चर डीएक्स आहेत. त्यांचे डिझेल जातीचे इंजिन जेट ए-१ वर चालते आणि त्या इंधनाला असा निळा रंग नसतो. तिथे तेलकट ओल आणि तिच्यावर बसलेली धूळ शोधावी लागेल. उन्हाळ्यातल्या वऱ्हाडात धुळीची उणीव नाही.

हवेच्या नळीचा सर्वांत चिवट शत्रू मात्र एक कीटक आहे. दिव्याच्या खोबणीत, दाराच्या कुलपात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी गावागावांत ओळखीची आहे. काही दिवस उभ्या असलेल्या विमानाची पेन्सिलएवढी व्हेंटची नळी तिला आयते घर वाटते. नळी पूर्ण बंद झाली तर टाकीत पोकळी तयार होते आणि इंधनाचा ओघ आटत जातो. अर्धवट बंद झाली तर एकच टाकी मंद होते. उड्डाणापूर्वी वाकून व्हेंटच्या तोंडात पाहणे चेकलिस्टमध्ये असते ते उगीच नाही.

टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडते?

हो. विमान-अपघातांच्या तपासात इंधन संपणे आणि इंधन इंजिनापर्यंत न पोहोचणे ही दोन वेगळी कारणे मानली जातात. दुसऱ्या प्रकारात उतरल्यावर एका टाकीत पुरेसे इंधन सापडते, पण ते पोहोचलेले नसते. पायपरसारख्या खाली पंख असलेल्या विमानात टाक्या इंजिनाच्या खालच्या पातळीवर असतात. इंधन पंपाने ओढावे लागते. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक रिकामी झाली, तर पंप भरलेल्या टाकीतले इंधन सोडून रिकाम्या टाकीतली हवा ओढेल. ऊस पिताना दोन नळ्यांपैकी एक ग्लासाबाहेर राहिली तर काय होते, तेच. म्हणून पायपरच्या सिलेक्टरवर डावी आणि उजवी एवढेच पर्याय असतात. जुन्या मोटारसायकलचा पेट्रोल कॉक आठवणाऱ्यांना हे चटकन समजेल. वैमानिकाने घड्याळ पाहून ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाने, टाकी बदलायची असते. विसरला तर एक पंख जड होत जातो, आणि त्याही पुढे गेला तर इंजिन फुरफुरते.

सेस्ना १७२ मध्ये डावी, उजवी आणि दोन्ही असे तीन पर्याय असतात. त्याच्या हस्तपुस्तिकेतच सांगितले आहे की दोन्ही टाक्या चालू असताना विमान अगदी सरळ ठेवले नाही तर इंधन असमान उतरू शकते आणि जड पंखाच्या टाकीकडे सिलेक्टर वळवून हा फरक हळूहळू काढता येतो. सेस्ना १५२ या दोन आसनी धाकट्या भावात तेवढीही सोय नाही. तिथे कॉक फक्त चालू किंवा बंद. विद्यार्थ्याच्या हातात उरतो तो बॉल मध्यभागी ठेवण्याचा उपाय.

टाकी बदलणे वरवर क्षुल्लक वाटते. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आपल्या घरगुती बांधणीच्या ‘लाँग-ईझी’ विमानातून कोसळून मरण पावला. विमान बांधणाऱ्याने इंधनाचा कॉक मूळ आराखड्यातल्या जागेऐवजी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्याच्यापर्यंत हात नेण्यासाठी मागे वळावे लागे आणि वळताना उजवा पाय रडरच्या पेडलवर दाबला जाण्याचा धोका होता. तपासकर्त्यांचा निष्कर्ष याच दिशेचा होता. इंधन आणि नियंत्रण हे दोन स्वतंत्र विषय आहेत असे पुस्तकात वाटते, पण त्या विमानात एकाच हालचालीने दोन्ही एकत्र आणले.

मग ‘रिगिंग’ म्हणजे काय?

लहान विमानात चाक फिरवले की त्याची ओढ पोलादी तारांनी, पुल्यांवरून फिरत, पंखाच्या टोकापर्यंत जाते. या तारांची लांबी, ताण आणि त्यांच्या टोकाला असलेल्या पट्ट्यांचे कोन ठरलेल्या मापात जुळवणे म्हणजे रिगिंग. नियंत्रणाची तार बहुधा सात पेडांची आणि प्रत्येक पेडात १९ बारीक तारा अशी विणलेली असते, म्हणजे एका तारेत १३३ धागे. मेकॅनिक तिच्यावरून कापडाचा तुकडा फिरवतो. धागा तुटलेला असेल तर कापड अडकते. बोट फिरवायचे नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते.

ताण कमी-जास्त करण्यासाठी टर्नबकल असतो. मंडपाची तार ताणायला वापरतात तोच, फक्त अधिक नेमका. त्याच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे, त्यामुळे मधला भाग फिरवला की दोन्ही टोके एकदम जवळ येतात किंवा लांब जातात. जुळणी झाल्यावर तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसता कामा नयेत आणि तो आपोआप फिरू नये म्हणून सेफ्टी वायरने बांधायचा असतो. सेस्ना १७२ चे एलेरॉन वर २० अंश आणि खाली १५ अंश जायला हवे, फरक एका अंशापुरता चालतो. कोनमापक पट्टीवर ठेवून हे मोजले जाते, नजरेने नाही.

पंखाची बसणीही बदलता येते, हे फार लोकांना माहीत नसते. सेस्नाच्या पंखाचा मागचा जोड ज्या बोल्टवर बसतो, तिथे मध्यापासून थोडे सरकलेले भोक असलेल्या बुशा असतात. त्या फिरवल्या की पंखाची मागची कड केसभर वर किंवा खाली जाते. जड पंखाची मागची कड किंचित खाली आणली की त्याची उचल वाढते. कारखान्यातून आलेले विमान सरळ उडावे म्हणून ही सोय आहे. पण हीच सोय चुकीच्या निदानानंतर वापरली तर चांगले विमान बिघडवायलाही पुरते.

तारांवर उन्हाळ्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि विदर्भात तो दुर्लक्षण्याजोगा नाही. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, तारा पोलादाच्या. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पाच मीटर लांबीची तार आणि तापमानात २५ अंशांचा फरक धरला, तर दोघांत दीड मिलिमीटरच्या आसपास तफावत येते. सांगाडा वाढतो, तार तेवढी वाढत नाही, म्हणून ताण वाढतो. जानेवारीच्या गारठलेल्या पहाटे हँगरमध्ये ताणलेली तार मे महिन्यात ४३ अंशांत जास्त घट्ट लागते. पुल्यांवरचे घर्षण वाढते, चाक मध्यभागी परतायला आळस करते. उलट उन्हात ताणलेली तार हिवाळ्यात ढिली पडते आणि चाकाला मोकळी हालचाल येते. यासाठी देखभाल पुस्तिकेत तापमानानुसार ताण किती असावा याची माहिती असते आणि मेकॅनिकने टेन्सिओमीटर लावण्याआधी तापमापक पाहायचा असतो. विमान उन्हातून नुकतेच आत ओढले असेल तर थोडे थांबायचे असते. घाईत हा थांबाच गाळला जातो.

दोष कोणता, हे ओळखायचे कसे?

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंधन, मग तारा. कारण असमान इंधन असलेल्या विमानाचे रिगिंग जुळवले, तर तराजूच्या एका पारड्यात दगड ठेवून दांडी सरळ केल्यासारखे होईल. इंधन समान झाले की विमान उलट्या बाजूला ओढू लागेल.

म्हणून दोन्ही टाक्या मापपट्टीने मोजून समान भरायच्या. पॅनेलवरच्या इंधनकाट्यांवर लहान विमानात कोणी जाणता माणूस एकट्यावर विसंबत नाही. विमान सपाट जागी उभे हवे. उतारावर, दोन्ही टाक्या जोडलेल्या ठेवून उभे केले तर वरच्या टाकीतले इंधन रात्रभरात खालच्या टाकीत झिरपते आणि सकाळी ‘तक्रार’ तयार असते. मग दोन जण शेजारी बसून, शांत हवेत, बॉल मध्यभागी ठेवून उडायचे आणि चाक सोडून पाहायचे. टाक्या समान असताना विमान एका बाजूला कलत असेल, तर दोष बसणीचा. समान असताना सरळ उडते, पण तासाभराने एका बाजूला ओढू लागते, तर दोष इंधनाचा. पायपरमध्ये याहून सोपी कसोटी आहे. टाकी बदलल्यावर काही वेळाने जडपणाही बाजू बदलतो का, ते पाहायचे. तो इंधनामागे गेला तर विमान निर्दोष. तो हटून एकाच बाजूला बसला तर मेकॅनिकला बोलवावे.

अवघड जागा वेगळीच आहे. हे दोन दोष एकमेकांना जन्म देतात. रिगिंग बिघडलेले विमान एका बाजूला कलते. वैमानिक ते नकळत रडरने धरून ठेवतो. विमान किंचित घसरत उडते, बॉल थोडा बाहेर राहतो, त्यामुळे इंधन एका बाजूने जास्त उतरते, आणि मग इंधनाचा फरक मूळ कल वाढवतो किंवा झाकतो. जमिनीवर आल्यावर टाकीत फरक दिसतो, व्हेंट साफ केले जाते, झाकण बदलले जाते आणि आठवड्याने तीच नोंद पुन्हा येते. अशी तीच तक्रार तिसऱ्यांदा लिहिली गेली असेल, तर व्हेंट सोडून फ्लॅपकडे पाहणे शहाणपणाचे. दोन्ही फ्लॅप पूर्ण वर घेतल्यावर एकाची कड पंखाशी जुळते आणि दुसऱ्याची बोटभर खाली लोंबते, एवढे साधे कारणही निघते. दारातून येणारी हवा, चाकावरचे वाकडे बसलेले आवरण, रडरवरची हाताने वाकवायची पट्टी कोणीतरी धुताना दाबलेली असणे, हे सगळे तपासून झाल्यावरच मागच्या बोल्टच्या बुशांना हात लावायचा.

इंधनाच्या बाजूने शंका कायम राहिली तर ओघ मोजायचा. इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून, एकेका टाकीतून ठरावीक वेळात किती लिटर उतरते ते मापाच्या भांड्यात पाहायचे. फक्त गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या यंत्रणेत उड्डाण घेताना इंजिनाला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट ओघ मिळायला हवा, असा विमानरचनेचा जुना दंडक आहे. एका टाकीचा ओघ दुसरीपेक्षा स्पष्ट कमी आला, तर गाळणी, वाकलेली नळी किंवा व्हेंट यांपैकी काहीतरी हाती लागतेच.

टाक्या समान करण्याची घाई का नडते?

इंधनातला फरक ही कधी तक्रार नसते, बातमी असते. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३३० विमानात अटलांटिकवर इंधन असमान असल्याची सूचना आली. वैमानिकांनी सवयीने क्रॉसफीड उघडून डावीकडचे इंधन उजवीकडे वळवले. प्रत्यक्षात उजव्या इंजिनाची नळी दुसऱ्या भागाला घासून फुटली होती आणि वळवलेले इंधन समुद्रावर सांडत होते. दोन्ही इंजिने बंद पडली. ३०६ जणांचे ते विमान इंजिनाविना सुमारे १९ मिनिटे तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरले, कोणीही दगावले नाही. ए-३३० आणि सेस्नात तुलना नाही, पण प्रश्न तोच आहे. एका टाकीत कमी इंधन आहे ते जाळले गेले म्हणून, की गळले म्हणून? टाकी बदलण्यापूर्वी दोन्ही टाक्यांची बेरीज करायची. निघताना किती होते, ताशी किती लागते, आता किती असायला हवे. बेरीज जुळली तर फरक केवळ वाटपाचा. जुळली नाही तर जवळच्या विमानतळाकडे वळायचे.

दुरुस्तीनंतर काय पाहावे लागते?

तारांना हात लागला की दुहेरी तपासणी लागते. एकाने काम केले, तर दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे पाहून सही करायची. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये मोठ्या देखभालीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर विमानाच्या एलेरॉनच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. चाक उजवीकडे फिरवले की एलेरॉन विमानाला डावीकडे लोटत. विमानात सहा जण होते. ते ढगांत हेलकावे खात राहिले आणि अखेर लढाऊ विमानांच्या सोबतीने बेजा येथे उतरले. लहान विमानासाठी यावर एक गावठी पण अचूक उपाय शिकवला जातो. चाक दोन्ही हातांनी, अंगठे वर करून धरायचे आणि फिरवायचे. अंगठे ज्या बाजूला झुकतील, त्या बाजूचे एलेरॉन वर उठलेले दिसले पाहिजे. ‘हलते आहे’ एवढे पाहून भागत नाही, कुठल्या दिशेने हलते ते पाहायचे.

विद्यार्थ्याने तक्रार नोंदवायची की सांभाळून घ्यायची?

प्रशिक्षण संस्थेत एकाच विमानावर दिवसभरात चार-पाच जण उडतात. प्रत्येकाला त्याचा स्वभाव ठाऊक होतो. ‘हे जरा डावीकडे ओढते’ हे वाक्य वरच्या वर्गातून खालच्या वर्गाला आयते मिळते आणि नोंदवहीत कधीच जात नाही. नोंद केली तर विमान दोन दिवस हँगरमध्ये राहील, तासांची रांग लांबेल, खर्च वाढेल, ही भीती खरी आहे. प्रशिक्षणाचा खर्च लाखोंत जातो आणि बुलढाण्या-अकोल्याकडच्या घरांत तो बहुधा शेत किंवा कर्ज यांतून येतो. पण नोंद नसेल तर परवानाधारक देखभाल अभियंत्याला काहीच दिसत नाही. जमिनीवर उभे विमान कुठेच ओढत नाही.

नोंद कशी लिहावी यालाही अर्थ आहे. ‘डावा पंख जड’ या तीन शब्दांवरून हँगरमधला माणूस अर्धा दिवस अंदाज बांधत बसेल. सोलो होतो की दोघे, निघताना दोन्ही टाक्यांत मापपट्टीने किती लिटर, उतरल्यावर किती, सिलेक्टर कुठे होता, बॉल कुठे होता, किती मिनिटांनी ओढ जाणवली, बाहेरचे तापमान किती, एवढे सात तपशील मिळाले तर बहुतेक वेळा टर्नबकलला हात लावण्याआधीच कळते की शिडी घेऊन झाकणाकडे जायचे की खाली वाकून व्हेंटमध्ये टॉर्च मारायचा.